टिंबाशेजारची काडी

तीन वाजत आले तरी भिंगाच्या मावशींचा डबा झाकलेलाच होता. रुग्णालयाच्या रक्त तपासणीच्या खोलीत तीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर वाकून बसल्या, म्हणून त्यांचं हे नाव पडलं होतं. समोर चार काचा होत्या. प्रत्येकीवर एका बसचालकाच्या कमरेच्या हाडातून काढलेल्या मज्जेचा पातळ लेप. तीन काचा रंगवून झालेल्या, चौथी अजून न रंगवलेली.

चालकाला बारा वर्षांपासून एचआयव्ही होता. गोळी एकदाही चुकली नव्हती. थोरली बहीण चुकू देईल तर शपथ. पण गेले तीन महिने ताप पाठ सोडत नव्हता, डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, फुगून दगडासारखी झाली होती आणि रक्तातल्या सगळ्याच पेशी उतरणीला लागल्या होत्या. सकाळी धाकट्या डॉक्टरांनी मज्जा पाहिली. पेशी वेड्यावाकड्या दिसल्या. त्यांनी रक्ताच्या कर्करोगाची शंका लिहून मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी केली. गाडी साडेतीनला निघणार होती.

बहीण दारात येऊन उभी राहिली. "मावशी, हा हट्टाला पेटलाय. म्हणतो, कर्करोग असेल तर मला सरळ घरी ने, आणखी सुया नकोत. तुम्ही तरी समजवा."

"मी काय समजवणार? मी नुसती बघणारी बाई."

"मग नीट बघा," असं म्हणून ती निघून गेली.

शब्द जिव्हारी लागला. मावशींनी डॉक्टरांना बोलावून घेतलं.

"डॉक्टर, एचआयव्हीत मज्जा अशी वाकडीतिकडी मी ढिगानं पाहिलीय. तेवढ्यावरून कर्करोग म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हा काळा आजार तर नसेल? मातीच्या घरांच्या गावात वाळूमाशी चावून होतो तो. हा तिकडं मुक्कामाची गाडी न्यायचा."

"तोही शोधला, मावशी. त्याचे सूक्ष्म जीव कुठे दिसले नाहीत."

"मोठ्या पेशींच्या पोटात ठिपके आहेत."

"मग लिहून टाका की!"

"नुसत्या टिंबाला मी भीक घालत नाही. रंगाचा कचराही टिंबासारखाच दिसतो. त्या जीवाच्या अंगात एक टिंब असतं आणि शेजारी एक बारीकशी काडी. दोन्ही एकत्र दिसली तर खरं."

त्या पुन्हा वाकल्या. या वेळी त्यांनी ठिपके सोडून आजूबाजूला पाहिलं आणि कपाळाला आठी पडली. तांबड्या पेशी जरा जास्तच गुलाबी होत्या. जे जांभळं दिसायला हवं, ते फिकट. रंग कालवायच्या पाण्यात त्यांनी आम्लता तपासायची पट्टी बुडवली. पाणी आंबट झालेलं होतं.

"घ्या! शेजारणीला शिकवायला गेले आणि माझीच चूल विझलेली."

सकाळच्या धांदलीत पट्टी न लावता ती बाटली त्यांनी स्वतःच उघडली होती. आंबट पाण्यात काडी रंगच धरत नाही.

"माझी चूक आहे, डॉक्टर. गाडी थांबवा."

"किती वेळ?"

"रंगाला घाई चालत नाही. अर्धा तास."

नवं पाणी, नवा रंग, चौथी काच. मावशी घड्याळाकडे न बघता काचेकडे बघत उभ्या राहिल्या, जणू दूध उतू जाणार आहे. मग काच धुतली, वाळवली, तेलाचा थेंब सोडला. काचेवरचा एक पट्टा बघून झाला, दुसरा झाला. लेपाच्या कडेला एक भलीमोठी पेशी पोट फुगवून बसली होती. आत टिंब. शेजारी काडी. टिंब, काडी. टिंब, काडी. मोजता मोजता मावशींच्या डोळ्यांत पाणीच आलं, तेव्हा मोजणं सोडावं लागलं.

डॉक्टरांनी स्वतः पाहिलं, चिठ्ठी फाडली आणि बहिणीला आत बोलावलं.

"या भिंगातून बघा, ताई. काय दिसतं?"

"काळं, केसाळ काहीतरी आहे बाई! हे त्याच्या अंगात आहे?"

"ते तुमच्याच पापण्यांचे केस," मावशी म्हणाल्या. "जरा मागे व्हा."

हसू आणि रडू एकदमच फुटलं तिला. डॉक्टरांनी सांगितलं ते तिनं दोनदा वदवून घेतलं: कर्करोगाचं लक्षण नाही, काळा आजार आहे, शिरेतून औषध आहे. एचआयव्हीमुळे तो पुन्हा डोकं वर काढू शकतो, म्हणून नंतरही तपासणीला यायचं. नेहमीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या.

ती जवळजवळ पळतच खाटेपाशी गेली. "ऊठ रे! कर्करोग नाही. बारीक जीव घुसलेत तुझ्या हाडात. गावोगावच्या मुक्कामात चढले म्हणे."

चालकाच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"म्हणजे फुकटे प्रवासी. इतके दिवस बसलेत आणि मला पत्ता नाही."

"उतरवायचेत आता. पण सुया लागतील."

"किती?"

"लागतील तेवढ्या."

त्यानं बाही वर सरकवली आणि हात पुढे केला.

तिकडे खोलीत मावशींनी नव्या बाटलीवर आजची तारीख घातली, हात धुतले आणि डबा उघडला. सगळं गार झालं होतं. त्यांनी चाटूनपुसून खाल्लं.