मागचं बूच

बापाच्या काळी बंदुकीच्या नळीचं मागचं तोंड तापवून, ठोकून कायमचं बंद करत. मग आट्यांचं बूच आलं. मोठी सोय झाली. आत काजळी धरली की पान्ह्यानं बूच काढा, नळी साफ करा, परत बसवा. आटे मात्र शेवटपर्यंत कापलेले हवेत, नाहीतर दारू गोळी सोडून बूचच मागे फेकते, आणि मागे असतो उडवणाऱ्याचा डोळा! म्हणून बापानं नियमच घालून दिला होता: बूच ज्याचं, त्यानं पहिल्या बाराला उडवणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं.

दोघा भावांत बूच धाकटा बसवायचा, बार थोरला उडवायचा. धाकट्याच्या तोंडाचा पट्टा तेव्हा अखंड चालू. "डोळे मिटू नकोस हं दादा, वहिनीला सांगेन!"

त्या सकाळी थोरल्यानं दारूचं माप उचललं. पहिल्या बाराला दुप्पट दारू, कारण नळीची परीक्षाच ती. ओतणार, तोच त्याला चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं. बडबड कुठाय? वळून बघतो तर काय, स्वारी अंगणाच्या भिंतीमागे!

"तिकडे काय करतोयस रे?"

"दाढ ठणकतेय, दादा. धूर सोसत नाही. तू उडव ना."

दाढ म्हणे! मघाशी याच पठ्ठ्यानं दातानं अक्रोड फोडला होता.

थोरल्यानं माप खाली ठेवलं आणि पान्हा लावला. बूच दोन-तीन वेढ्यांतच हातात आलं. मागे जेमतेम आटे, पुढे नुसता गुळगुळीत खुंटा. कापायचा कंटाळा केलेला! आई गेल्यावर याच पोराला त्यानं हाताला धरून कानस चालवायला शिकवली होती, आणि वहिनीनं आधी त्याला वाढून मग स्वतः खाल्लं होतं.

"घाई झाली, दादा," धाकटा भिंतीआडूनच म्हणाला. "मला वाटलं, एवढ्यावर धरेल."

"वाटलं ना? मग भिंतीमागे का गेलास?"



आटे कमी पडले, ते थोरल्यानं चार शिव्या घालून पोटात घातलं असतं. भिंत त्याला गिळवेना. तो भिंतीपाशी गेला आणि बूच भावाच्या हातात ठेवलं.

"वहिनीला सांगेन म्हणायचास ना? जा, आता सांग."