घुमटाचा पत्रा

निकितानं शिडीवरून फटीत हात घातला. चार बोटं सहज आत गेली. शेजारच्या फटीतही चार.

नाथांच्या देवळाच्या घुमटावर तिच्या वडिलांनी, बजरंगअण्णांनी, आठ तिकोनी पत्रे बसवले होते. खालचे कोपरे जुळले, वर शेंडा जुळला; पोटात मात्र प्रत्येक जोडाला सिमेंट उघडं पडलं होतं. परवा सप्ताह बसायचा. आत टाळकऱ्यांचा सराव थांबला होता, नि खाली पंच मच्छिंद्रतात्या कपाळाला हात लावून उभे होते.

"बजरंगा, पारनेरच्या निम्म्या पत्र्याच्या टाक्या तुझ्या हातच्या. हितंच कसा रं पत्रा आखूड पडला?"

"मापं पोरीनं घेतल्याती," बजरंग तिच्याकडं न बघता म्हणाले. "पुन्याला शिकती न्हवं, वाकड्या आकारांचं गनित."

"मंग ते बी वाकडंच यायचं," कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

निकिताची कानशिलं तापली. महिन्यापूर्वी देवळासमोरच्या पाराजवळ तिनं बजावलं होतं, असा सरळ कापलेला पत्रा पुरणार नाही. तेव्हा अण्णा चारचौघांत म्हणाले होते, "तू नुसती दोरी धर."

ती ताडताड उतरली. सोडवलेला एक पत्रा फरशीवर आपटून तिनं तिन्ही कडांना मापाच्या गाठी मारलेली दोरी लावली. अण्णांच्या कापणीतली चूक दाखवायचीच होती, सगळ्यांदेखत. दोरी तिन्ही वेळा गाठीवर येऊन थांबली. सुताचाही फरक नव्हता.

अण्णांचा हात चुकला नव्हता.

"मापं बरोबर आहेत, तात्या." आवाजातला राग गेला नव्हता. "टाकी नुसती एका अंगानं वळते, म्हणून सपाट पत्रा तिच्यावर बसतो. घुमट चहूकडून फुगतो. कडा तेवढ्याच असल्या तरी तिथं त्रिकोणाचे कोन मोठे भरतात, पोट रुंद होतं. सरळ कापलेला पत्रा कुणाचाच पुरला नसता."

"मंग आता गं?"

"दर वितेला रुंदी घ्यायची, नि नव्या पत्र्यांच्या कडा पोट काढून कापायच्या. दोन दिवसांत होतंय."

बजरंगांनी पत्र्यावरून अंगठा फिरवला. मग शिडी चढले, शेंड्याशी दोरी दाबून धरली. खाली टोक लोंबत राहिलं.

"धर की."

निकितानं हात पाठीमागं घेतले.

"आधी ह्यांना सांगा, महिन्यामागं मी काय म्हणाले होते."

बजरंगांनी शेंड्यावरची दोरी उगाच सरळ केली.

"पुरायचा न्हाई म्हनली व्हती," बजरंग घुमटाकडं तोंड करून पुटपुटले.

"घुमटाला नका सांगू, अण्णा."

शिडी करकरली. बजरंग लोकांकडं वळले.