ढब्बूची साखर आणि मी

मित्रांनो, धायरीतल्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात संपलेले सेल, रबरबँड आणि कसल्यातरी किल्ल्या टाकायचा एक खण आहे. त्या खणात सगळ्यांत मागे मी पडलेला असतो. मी रक्तातली साखर मोजायचं यंत्र. मला ग्लुकोमीटर म्हणतात. आज मला कुणी विचारत नाही, पण माझेही दिवस होते. त्या दिवसांतली एक गोष्ट मला अजून खाते, ती तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म दूर परदेशातल्या एका कारखान्यात झाला. बोटीतून मुंबई, मुंबईहून पुणे, आणि मग सिंहगड रस्त्यावरच्या एका औषधाच्या दुकानातलं काचेचं कपाट. दोन हजार तीन साली समाधान नावाच्या तरुणाने मला तिथून घरी नेलं. तो हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत होता. त्याच्या बाबांना, रामदासांना, मधुमेह होता. खडकवासल्याला पाटबंधारे खात्यात आयुष्य काढून ते नुकतेच निवृत्त झाले होते.

तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू! साखर बघायची तर लॅबमध्ये उपाशीपोटी रांग लावायची, अशी लोकांना सवय. इथे एक पट्टी माझ्यात खोचली, तिला रक्ताचा थेंब लावला की वीस सेकंदांत आकडा हजर. शेजारचे लोक मला बघायला यायचे. चहाला आलेले पाहुणेसुद्धा हौसेने बोट पुढे करायचे, आणि आकडा बघितला की चहातली साखर नको म्हणायचे. मी मनातून फुगायचो.

माझ्या आकड्यावर सगळ्यांत जास्त विश्वास होता प्रेमलाताईंचा. त्या रामदासांच्या पत्नी, महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका. शिस्त अशी, की वर्गातली पोरं त्यांची नुसती चप्पल वाजली तरी गप्प बसत. नवऱ्याच्या ताटातला भातही त्या वाटीने मोजून वाढायच्या. तरी दोन वर्षांत रामदास गेले. मला फ्रिजवर ठेवून दिलं, आणि तिथे धूळ खात मी तीन वर्षं काढली.

रामदासांच्या मागे एक बोकाही राहिला होता. पार्किंगमध्ये सापडलेलं पिल्लू त्यांनी घरी आणलं, ते वाढत वाढत असं आडवं झालं की त्याचं नाव ढब्बू पडलं. रामदास पेपर वाचायचे तेव्हा हा त्यांच्या मांडीवर असायचा. पुढे समाधानचं लग्न झालं, दीपाली घरात आली. तीही हिंजवडीलाच नोकरीला. आणि एके दिवशी तिच्या लक्षात आलं, की ढब्बू दिवसभर पाणी पितोय, दिवसभर खायला मागतोय आणि तरी वाळत चाललाय.

वासंती आगाशे नावाच्या जनावरांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी रक्त तपासलं आणि मधुमेह आहे म्हणून सांगितलं. रोज सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनचं इंजेक्शन, वजन करून खाणं, आणि घरच्या घरी साखर बघायची. दीपालीने मला फ्रिजवरून उतरवलं, पुसलं, नवे सेल घातले. मांजराचं रक्त कानाच्या कडेला टोचून घेतात, हे मला त्या वयात शिकावं लागलं. पुन्हा कामाला लागलो याचा आनंद मात्र खरा होता.

दीपाली हुशार आणि पक्की मुलगी. तिने संगणकावर तक्ता केला आणि छापून फ्रिजला चिकटवला. दर बुधवारी आणि रविवारी सकाळी ती ढब्बूला टॉवेलात गुंडाळायची, कान टोचायची आणि आकडा तक्त्यात लिहायची. तीनशे दहा. तीनशे चाळीस. तीनशे ऐंशी. आकडा काही केल्या उतरेना. डॉक्टरांनी इन्शुलिन एक युनिटवरून दीड केलं, मग दोन, मग तीन.

"अहो, हे मांजर परस्पर कुठे भेळ खायला जातं का?" डॉक्टर फोनवर म्हणाल्या. फोनचा स्पीकर चालू होता, म्हणून मीही ऐकलं.

दीपालीने फोन ठेवून सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्ही याला काही देत नाही ना?"

"मी कशाला देऊ?" प्रेमलाताई म्हणाल्या आणि कोथिंबीर निवडत राहिल्या.

मित्रांनो, मला सगळं माहीत होतं. माझी जागा फ्रिजवरच होती, तिथून स्वयंपाकघर आणि मागची बाल्कनी दोन्ही दिसायचं. सकाळी दीपाली आंघोळीला गेली की प्रेमलाताई गव्हाच्या पिंपामागून एक निळ्या काठाची बशी काढायच्या. तिच्यात कोमट दूध, दुधात दोन ग्लुकोजची बिस्किटं. ढब्बू बशी चाटून लख्ख करायचा. मग बशी धुऊन पुन्हा पिंपामागे. दुपारी चार वाजता हाच कार्यक्रम दुसऱ्यांदा. सकाळच्या बिस्किटांनंतर अर्ध्या तासाने दीपाली त्याचा कान टोचायची, आणि मी मोठ्या तोऱ्यात तीनशे ऐंशी दाखवायचो. माझा आकडा अगदी बरोबर असायचा, आणि त्याच आकड्यावरून इंजेक्शन वाढत होतं. मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडलो असतो.

प्रेमलाताई रोज सकाळी बुद्धांच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणत. चौथं शील आहे खोटं न बोलण्याचं. 'मी देत नाही' असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. दीपालीने विचारलं की उलट प्रश्न करायच्या, म्हणजे शीलही मोडत नाही आणि बशीही चालू राहते. तीस वर्षं पोरांच्या असल्या लबाड्या पकडणारी बाई, स्वतःची मात्र पकडत नव्हती.

त्या हिवाळ्यात समाधानला कंपनीने तीन महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलं. आणि प्रेमलाताईंनी दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात नाव घातलं. तिथे फोन जमा करून घेतात, कुणाशी बोलायचं नाही, घरचा निरोप नाही. बुधवारी दुपारी त्या पिशवी घेऊन निघाल्या. जाताना ढब्बूच्या डोक्यावरून हात फिरवला, दीपालीकडे बघितलं. ओठ हलले. मला वाटलं, आता सांगतील. "गॅस बंद करत जा," एवढंच म्हणाल्या.

गुरुवारपासून बशी बंद झाली. इन्शुलिन मात्र तीन युनिट चालूच होतं.

ढब्बू भुकेने वेडा झाला. फ्रिजच्या दाराला पंजे घासायचा, दीपालीच्या पायांत येऊन घसा बसेपर्यंत ओरडायचा. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की साखर वाढलेल्या मांजराला खोटी भूक लागते, पाघळू नका. दीपाली पाघळली नाही. "नाही म्हणजे नाही, ढब्बू," असं म्हणताना तिचे डोळे भरून यायचे, पण वजनकाट्यावर एक दाणा जास्त टाकायची नाही. पण आता साखर उतरत होती, ती भूक खरी होती हो! तिने मला एकदा खाली घेतलं असतं तर मी दाखवलं असतं. पण तक्त्याप्रमाणे माझा वार रविवार होता.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास ढब्बू फ्रिजपुढून उठला, दारू प्यायल्यासारखा चार पावलं चालला आणि आडवा झाला. पाय ताठ, अंगाला झटके, तोंडातून लाळ. दीपालीची किंकाळी ऐकून मी हादरलो. तिने मला घेतलं, कान टोचला. माझ्या पडद्यावर आकडा आलाच नाही. एवढी कमी साखर मला मोजता येत नाही. अशा वेळी मी फक्त 'लो' दाखवतो.

"बंद पडलं वाटतं हे," ती रडत म्हणाली. बुधवारचा तीनशे ऐंशीचा आकडा समोर तक्त्यात होता, तिने तरी विश्वास कसा ठेवावा? दुसरी पट्टी लावली. पुन्हा 'लो'. मग तिने सुई स्वतःच्या बोटात खुपसली. मी शहाण्णव दाखवलं. म्हणजे यंत्र ठीक होतं. तिच्या हातातून मी ओट्यावर पडलो. माझ्या कोपऱ्याला तडा गेला, तो अजून आहे.

"मध आहे घरात?" फोनवर आगाशे डॉक्टर विचारत होत्या. "बोटाने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, श्वासात जाईल. आणि रिक्षा करून ताबडतोब निघा. रडणं इथे आल्यावर."

तिने मला पर्समध्ये कोंबलं, ढब्बूला टॉवेलात घेतलं आणि निघाली. दवाखान्यात सलाईन लागलं. एक तासाने आकडा आला, एकोणपन्नास. मग अठ्ठ्याऐंशी. आयुष्यात हजारो आकडे दाखवले, पण त्या एकोणपन्नासने जसा जीव भांड्यात पडला तसा कधी पडला नव्हता.

"घरात कोण कोण असतं?" डॉक्टरांनी हात धुता धुता विचारलं.

"मी आणि आई. आई बुधवारी शिबिराला गेल्यात."

डॉक्टरांनी नळ बंद केला. "बुधवारी गेल्या, आणि शनिवारी साखर तळाला. आता मी वेगळं काही सांगायला हवंय का तुम्हाला?"

दीपालीने घरी येऊन डबे उघडले, कपाटं उघडली. गव्हाच्या पिंपामागे निळ्या काठाची बशी निघाली. ती हातात धरून फरशीवर किती वेळ बसली होती कोण जाणे.

ढब्बू तीन दिवसांनी घरी आला. जिवंत होता, पण साखर इतकी उतरल्याने त्याची नजर गेली होती. पुढच्या रविवारी सकाळी प्रेमलाताई परतल्या. त्यांचा चेहरा अगदी शांत झाला होता. त्यांचा आवाज ऐकून ढब्बू आतून धावत आला, खुर्चीच्या पायावर आपटला, आणि त्यांच्या पायांशेजारून सरळ पुढे निघून गेला.

"याला दिसत नाही का गं?"

दीपालीने बशी टेबलावर ठेवली. ओरडली नाही. "आई, रोज किती द्यायचात? डॉक्टरांना नक्की सांगायचंय."

प्रेमलाताईंनी बशी जवळ ओढली. "सकाळी दोन बिस्किटं, चारला दोन. दुधातून." मग त्या खाली बसल्या. "तू यांना पाहिलं नाहीस. शेवटच्या महिन्यात रोज जिलबी मागायचे. लहान मुलासारखी. मी म्हणायचे, आधी आकडा बघा. आकडा बघता बघता गेले ते. हा त्यांच्या मांडीवरचा, याने तोंड वर करून मागितलं की माझ्याने नाही म्हणवेना."

मित्रांनो, तो आकडा माझा होता. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली. रक्तात किती साखर आहे एवढंच मला कळतं. ती कुणाच्या हातून आली आणि का आली, हे मी कसं सांगणार?

"मला सांगितलं असतंत तर मी इंजेक्शन वाढवलंच नसतं," दीपाली म्हणाली, आणि सासूबाईंच्या शेजारी फरशीवर बसली. दोघी रडल्या.

डॉक्टरांनी पुन्हा एक युनिटपासून सुरुवात केली. पुढे ढब्बूची नजर थोडीफार परतली. दारं ओळखू येतात त्याला, माणसं वासावरून. इंजेक्शन आता प्रेमलाताई देतात. चार वाजता ढब्बूने तोंड वर केलं, तर त्याच्या रोजच्या वाट्यातलेच बाजूला काढलेले उकडलेल्या चिकनचे चार तुकडे मिळतात. माझ्या पट्ट्या कंपनीने बनवायच्या बंद केल्या, पाच सेकंदांत आकडा देणारं नवं यंत्र आलं, आणि मी या खणात आलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

एक मागणं मात्र आहे. तुमच्या घरी कुणी आजारी असेल, माणूस असो की मांजर, आणि तुम्ही मायेने त्याला गुपचूप काही भरवलं असेल, तर ते घरातल्या माणसांना सांगा. रागावतील, बोलतील, बोलू दे. औषध ठरवणाऱ्याला ते कळलंच पाहिजे.

आत्ता चार वाजलेत. दीपाली हिंजवडीला आहे, समाधानही. खणाच्या फटीतून मला प्रेमलाताईंचे पाय दिसताहेत, आणि त्यांना अंग घासणारा ढब्बू. "दीपाली, चार तुकडे दिले गं याला!" त्या रिकाम्या घरात मोठ्याने सांगतात. रोज सांगतात.