तक्त्यात नसलेला रकाना

"ताप नव्हता, खोकला नव्हता, म्हणजे हे मृत्यू साथीचे नाहीत. मग हे मला का दाखवताय?" आरोग्य कार्यालयातल्या साहेबांनी कागद टेबलावरून परत सरकवला.

ताईंनी तो उचलला नाही. बारा वर्षं त्या नाल्याकडच्या वस्तीत आरोग्यसेविका होत्या. साथ आल्यापासून रोज ऐंशी घरं, कपाळासमोर यंत्र धरायचं, ताप-खोकला विचारायचा, तक्ता भरायचा. दोन महिन्यांत वस्तीतली एकोणीस माणसं घरच्या घरीच गेली होती. कुणी पाणी भरताना, कुणी झोपेत, कुणी दाराची कडी काढता काढता. तक्त्यात छातीत दुखण्याला रकाना नव्हता, म्हणून ताईंनी ती नावं वेगळ्या कागदावर लिहून आणली होती.

"हृदय बंद पडलं. वय झालं की पडतं," साहेब म्हणाले.

"यातले अकरा जण पन्नाशीच्या आतले आहेत. टेकडीवरच्या कॉलनीत असे किती गेले?"

साहेबांनी संगणकात पाहिलं. दोन.

"मग आमच्या लोकांची काळजं काय कच्च्या मातीची आहेत, साहेब?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि वरून जेवढं मागतात तेवढंच आपण पाठवतो, असं सांगितलं. वस्तीतला दवाखाना साथीच्या तपासणीसाठी घेतल्यापासून रक्तदाबाच्या गोळ्या मिळत नाहीत, हे ताईंनी चारदा लेखी कळवलं होतं. पत्रं पोचल्याचे चारही शिक्के त्यांच्याकडे होते. गोळ्या तेवढ्या आल्या नव्हत्या.

त्या धुसफुसतच बाहेर पडल्या. राग साहेबांचा होता, त्याहून जास्त स्वतःचा. विसावा माणूस रंगारी होता आणि त्याचं नाव लिहायला त्यांचा हात धजला नव्हता. मागच्या आठवड्यात दारात उभा राहून तो म्हणाला होता, "ताई, जिना चढताना छाती आवळल्यासारखी होते. गोळ्या कधी येतील?" ताईंनी 'येतील हो' म्हटलं, 'ताप नाही' असं लिहिलं आणि पुढचं दार वाजवलं. परवा सकाळी तो कामावर जायला निघाला आणि उंबऱ्यातच कोसळला. बायकोने रुग्णवाहिकेला फोन लावला, तर वस्तीचं नाव ऐकून तिकडून आधी साथीच्या तपासणीचा अहवाल मागितला. गाडी आली ती सव्वा तासाने.

ताई त्याच्या बायकोकडे गेल्या. "माझं चुकलं," एवढंच म्हणाल्या. फळीवरून एक पुडी काढून तिने ताईंच्या हातात दिली. आत गोळ्यांचे अर्धे अर्धे तुकडे होते.

"पुरवून पुरवून खात होते. दिवसाआड अर्धी. समोरच्या मावशींना हीच लागते, त्यांच्याही संपल्यात. द्याल का?"

मावशींनी तुकडे तळहातावर घेऊन निरखले. कुणाचे, हे विचारलं नाही. त्यांना ते कळलंच असणार. एक तुकडा त्यांनी वाटीत ठेवला आणि पुडी पुन्हा नीट दुमडली.

"मला आजचं भागलं. बाकीचे खालच्या गवंड्याला ने, त्यालाही हीच लागते," त्या म्हणाल्या. "त्याच्या घरी खाणारी तोंडं आहेत."

ताई पुडी मुठीत घट्ट धरून जिना उतरू लागल्या.