साहेबाचा घागरा

माझे बाबा, केरू, मुंबईत एका स्कॉटिश साहेबाकडे खानसामा होते. सन एकतीसला ते सुट्टीवर गावी आले, तेव्हा साहेबाने दिलेला चौकड्यांचा लोकरी घागरा नेसून ते मला रत्नागिरीच्या मासळीबाजारात घेऊन गेले.

बाबांना पाठमोरे पाहून एक कोळीण म्हणाली, "बाय गो, बांगडे घे!"

बाबा वळले. मिशा बघून ती किंचाळली, "अगो बाय! रे केरू, शिमगा सरला, तरी बाईचं सोंग उतरवलंस नाय?"

"साहेबाच्या मुलखात पुरुषच नेसतात हे," बाबा म्हणाले.

सारा बाजार हसला. माझ्या लग्नाची बोलणी ज्यांच्या घरी चालली होती, ते श्रीपतराव तिथेच उभे होते. मी पदराआड तोंड लपवलं.

संध्याकाळी त्यांचा निरोप आला, "मुलगी पसंत. मात्र व्याह्यांनी लग्नात धोतर नेसावं."

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "नेसेन."