सुन बिनच्या चुली

गुडघ्याची वाटी फुटते तेव्हा आवाज कसा येतो ते मला विचारा. मी दोनदा ऐकलाय.

पहिल्यांदा माझीच फुटली. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. पारोळ्याच्या एकाच वस्तादाचे आम्ही दोघं पठ्ठे, मी अभिमन आणि तो नवल. एका ताटात जेवलो, एका मातीत लोळलो. यात्रेतल्या शेवटच्या कुस्तीला वस्तादांनी माझं नाव पुढं केलं. त्याच दुपारी मी अंगाला तेल लावून तालमीत उताणा पडलो होतो, तर या हरामखोरानं पहार उचलली आणि माझ्या डाव्या गुडघ्यावर घातली. एकदा नाही, तीनदा! हाड कातडी फाडून बाहेर आलं. मी गुरासारखा ओरडत होतो आणि हा म्हणतो, "वरडू नको अभिमन, व्हई गयं आते." झालं म्हणे!

पोलिसांना मी सांगितलं, मोटरसायकलवरून पडलो. आपलं भांडण दुसऱ्याच्या हातात द्यायची माझी जातच नाही. नवल चोपड्याला गेला, केळीत वर आला, तालीम काढून बसला. मी खाटेवर बसून पोरं घडवली.

दोन वर्षांमागं माझी मयुरी धुळ्याच्या कॉलेजातून सुट्टीला आली. इतिहास शिकते. माझ्या पायाला तेल चोळता चोळता म्हणाली, "आबा, तुम्हनी गोष्ट चीनमा दोन हजार वरीस पहिलेच घडेल शे."

सुन बिन नावाचा माणूस. लढाईचं डोकं असं की राजे त्याच्या मागं फिरत. त्याचा गुरुबंधू पांग ज्वान सेनापती झाला, पण मनात जळत होता. त्यानं सुन बिनला बोलावून घेतलं, खोटा आळ घातला, दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या काढवल्या आणि तोंडावर गुन्हेगाराची खूण गोंदवली. सुन बिननं वेड्याचं सोंग घेतलं, डुकरांच्या उकिरड्यात लोळला, एक दिवस गाडीत लपून निसटला. दुसऱ्या राजाकडं जाऊन गाडीत बसल्या बसल्या लढाया जिंकल्या. शेवटी पांग ज्वान मागं लागला तेव्हा यानं माघार घेतल्याचं दाखवलं. पहिल्या दिवशी फौजेच्या लाखभर चुली पेटवल्या, दुसऱ्या दिवशी निम्म्या, तिसऱ्या दिवशी तीस हजार. पांग ज्वानला वाटलं, फौज पळाली. थोडे स्वार घेऊन तो खिंडीत घुसला. तिथं एका झाडाची साल काढून काहीतरी लिहिलं होतं. वाचायला त्यानं मशाल पेटवली. लिहिलं होतं, पांग ज्वान या झाडाखाली मरेल. उजेड दिसताच हजारो बाण सुटले.

ही गोष्ट मी पोरीकडून किती वेळा वदवून घेतली, देवाला माहीत.

तापीकाठच्या यात्रेत तालमी चार-पाच दिवस आधी येऊन चिंचांखाली उतरतात. चार पैलवानांमागं एक चूल. एका तालमीचा माणूस दुसरीच्या चुलीवर जेवत नाही. त्यामुळं चुली मोजल्या की कुणाचा जोर किती ते कळतं, राख खोटं बोलत नाही असं सगळे मानतात. मागच्या वर्षी मी पहिल्या दिवशी बारा चुली पेटवल्या. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी तीन. जादा पोरं मीच दोघा-दोघांनी घरी पाठवली. माझा खरा गडी प्रेमराज, त्याला शाल गुंडाळून खोकायला लावलं. नवलचा माणूस उखर्डू विस्तव मागायच्या निमित्तानं यायचा आणि काडीनं राख उकरून जायचा. उकर बाबा, उकर!

नवलचा पोरगा दीपक त्या वर्षी लढणार नव्हता. खांदा निखळलेला, डॉक्टरनं सक्त मनाई केलेली. पण माझ्या तीन चुली बघून नवलला चेव आला. चौथ्या दिवशी शेवटच्या कुस्तीला त्यानं दीपकचं नाव दिलं.

मी प्रेमराजला सांगितलं, "मना रुमाल पडना का त्याना पाय मोडाना."

"वस्ताद, त्यानी मनं काय बिघाडं?"

"तू विचार करू नको. विचार मी करेल शे."

प्रेमराजनं पहिल्याच धडकेत तो दुखरा खांदा धरला. खांदा निसटला. मग कोपर नाकावर, रक्ताची चिळकांडी उडाली, माती लाल झाली. दीपक स्वतःच पाठीवर पडला, हात आपटून हरलो हरलो म्हणू लागला. पंच धावले. प्रेमराजनं त्याचा डावा पाय काखेत धरलेला, डोळे माझ्याकडं. गर्दी फोडत नवल येत होता, "अभिमन, तुना पाय पडस! मनं पोरगं शे ते!"

तो नीट बघू शकेल इतका जवळ येईपर्यंत मी थांबलो. मग रुमाल टाकला.

तोच आवाज. ढोल बंद पडले. "आबा!" दीपक किंचाळला, माझी मयुरी मला हाक मारते तसा. मग चोपड्याच्या पोरांनी काठ्या काढल्या आणि प्रेमराजला तुडवला. त्याचे चार दात पडले. तो पुन्हा माझ्या तालमीत आला नाही.

खोटं कशाला बोलू, मला गोड लागलं. घरी येईपर्यंत गोड लागलं. दारातूनच ओरडलो, "मयुरी, आज सुन बिन जितना!"

तिला फोनवर सगळं कळलं होतं. तेलाची वाटी तिनं हातातून खाली ठेवली.

"सुन बिननी कोनाच गुडघा तोडा नही, आबा," ती म्हणाली. "गुडघा तोडणारा तो दुसरा व्हता."

मी तिच्या अंगावर ओरडलो. खूप ओरडलो. ती धुळ्याला निघून गेली, अजून आलेली नाही.

दीपक बावीस वर्षांचा. चोपड्यात खाटेवर बसून पोरं घडवतो म्हणतात.

या वर्षी यात्रेत मी माणूस पाठवून चोपड्याच्या चुली मोजून घेतल्या. परवा नऊ होत्या. काल पाच. आज तो हसत हसत सांगत आला, "वस्ताद, दोनच ऱ्हायन्यात. पळनात बठ्ठा!"

मला हसू आलं नाही. उद्या शेवटची कुस्ती आहे, आणि माझ्या पोरांची नावं मी कालच देऊन बसलोय.