एका घरातले दोन गुडघे

गोपाळराव नागपुराहून गुडघ्यात सुई घेऊन आले आणि कळमेश्वरच्या त्या घरात जशी काही वरातच उतरली. अंगणात खाट पडली, पायाखाली उशी आली, अंजनाबाईने नवऱ्यासाठी आलं घालून चहा टाकला.

"नागपुरात जरीपटक्याचा डाक्टर लई हुशार गा," गोपाळराव शेजाऱ्याला सांगत होते. "एसटीत उभा राहून आलो मी!"

त्यांच्या मेलेल्या भावाची बायको तुळसाबाई पाय धुण्याचं पाणी घेऊन लंगडत आली. नवरा गेल्यापासून शेणगोठा, धुणं, पाणी, सगळं तिच्याच बोकांडी. डावा गुडघा सुजून टम्म झाला होता, पण विधवेच्या गुडघ्याकडे बघायला फुरसत कोणाला? पदर पुढे ओढून ती जावेला म्हणाली, "बाई, मले बी त्या डाक्टरकडे न्या ना."

अंजनाबाईने नाक मुरडलं. "तुले कोठी मिरवाले जायचं हाय वं? ना हळदीकुंकू, ना लग्नकार्य. चुलीपासून गोठ्यापर्यंत चालता येते, बस झालं."

"डाग दे तिले," गोपाळराव खाटेवरूनच बोलले. "मागचा बराबर बसला नसंन."

बोलायला यांचं काय जातं! मागचा डाग म्हणजे चुलीत लाल केलेला विळा. ओरडलं की गुण येत नाही म्हणतात, म्हणून तुळसाबाईने तोंडात पदराचा बोळा धरला होता. ती जखम अजून वाहत होती.

अंजनाबाई तापलेला विळा घेऊन आली. तुळसाबाई मागे सरली नाही. हातातलं पाणी तिने त्या विळ्यावरच ओतलं. चर्र झालं, वाफ उठली.

"भाऊजी," ती आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलली, "डागानं गुण येते, तं तुम्ही सुई काहून घेतली?"

गोपाळराव खाटेवर ताडकन उठून बसले. मग शिव्या सुटल्या. "चालती हो! पुन्हा या घरात पाय ठेवू नको!"

शेजारणीकडे रात्र काढून तुळसाबाईने सकाळची एसटी धरली.

जरीपटक्याच्या दवाखान्यात तिने लुगडं वर सारलं, तसा डॉक्टरांचा चेहरा उतरला. "बाई, सुई दिली असती. पण इथे पू आहे. तो सांध्यात गेला तर पायच जाईल. आधी जखम भरू द्या. गाव कोणतं?"

"कळमेश्वर. काल आले ते गोपाळराव माहे थोरले दीर."

डॉक्टर थबकले. "मी त्यांना विचारलं होतं, घरात आणखी कोणाचे गुडघे दुखतात का? म्हणाले, कोणाचेच नाही."

तुळसाबाईला रडूच फुटलं. इतकी वर्षं त्या घराचं पाणी भरलं, आणि मोजायच्या वेळी ती माणसातच नव्हती!

"माहा दुखते, साहेब," ती म्हणाली. "पट्टी बांधा. जखम भरेपर्यंत मी रोज येईन. मोलमजुरी करीन, पण त्या घरी जात नाही."

डॉक्टरांनी चिमट्यात कापूस धरला. "झोंबेल हं. ओरडलात तरी चालेल."

तुळसाबाई जीव खाऊन ओरडली. बाहेर बाकावर बसलेली माणसं दचकून उठली.